तुझी घागर कोणी भरायची

बेबी,

आज सकाळी गल्लीत कुंभाराची गाडी आली. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, जवळ आली की ती येतेच. गवतात एकावर एक ठेवलेल्या नव्या घागरी, आणि गाडी थांबली की सगळ्या गल्लीला भाजलेल्या मातीचा वास. तुझे आबा गेल्यापासून त्यांची घागर दरवर्षी मीच निवडते, बोटाने वाजवून. एक वाजवली, आवाज खणखणीत आला, ती बाजूला ठेवली. मग माझा हात आपोआप दुसरीवर गेला.

"आजून एक देऊ का व बहीन?" कुंभारीण म्हणाली. "कोनी गयं का घरमा?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. एकच घागर घेऊन घरात आले.

तू गेल्यापासूनची ही पहिली आखाजी. घरोघरी गेलेल्या माणसांसाठी घागर भरतील, तिच्या तोंडावर आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतील, चुलीच्या निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकून एकेकाचं नाव घेतील. तुझ्या नावाचं काय, असं मी तुझ्या मायला विचारलं होतं. विचारलं म्हणजे काय, पीठ चाळता चाळता चाळणीकडे बघत बोलले. माय म्हणाली, "कुवारी पोरनी घागर माहेरमा भरतस नई." लेकीची घागर तिच्या सासरी भरतात. तुला सासर नव्हतं. मागे लेकरू नाही. म्हणजे त्या दिवशी गावातल्या सगळ्या गेलेल्यांना हाक पडणार आणि तुला कुठूनच पडणार नाही.

दुपारची वेळ आहे. तुझा दादा ओट्यावर झोपलाय, माय आतल्या खोलीत पंख्याखाली. बाहेर उन्हाने सगळं पांढरं झालंय. केळीच्या बागेकडे पाहिलं तर झाडं जागेवर राहत नाहीत, पाण्यात बुडाल्यासारखी हलतात. अशा वेळी तू फाटकातून आत येशील असं वाटतं. खांद्याला पिशवी, पायात त्या जाड बुटांची जोडी, आणि येता येताच, "वहिनी, पानी दे व, मरनू मी उन्हाखाल." मी माठाकडे जायला उठतेसुद्धा. मग बसते.

आपण दोघी अहिराणीत बोलायचो, पण लिहायला बसलं की हात शाळेतल्या भाषेकडे जातो. चौथीपर्यंत तीच गिरवली. पुढचं वाचन सगळं तुझ्यामुळे. तू पाचवीत गेलीस तेव्हा तुझं भूगोलाचं पुस्तक मी भाकऱ्या झाल्यावर चुलीपाशी उघडायची. तू म्हणायचीस, "वहिनी, मोठ्याने वाच, मी आयकस," आणि ऐकता ऐकता झोपून जायचीस. तुझा अभ्यास माझ्याकडून झाला आणि मार्क तुला मिळाले, असं मी तुला चिडवायची.

मी या घरात आले तेव्हा तू दारात आडवी उभी होतीस. परकर वर खोचलेला, दोन्ही हात चौकटीला टेकवलेले. नणंदेने दार अडवायचं, भावाकडून वचन घ्यायचं, मग नवरा-नवरीला आत सोडायचं, ही रीत. मागून बायकांनी तुला शिकवून ठेवलं होतं. तू मोठ्या आवाजात विचारलंस, "दादा, तुन्ही आंडेर मन्हा आंडोरले देशी का?" एवढीशी तू, तुझ्या न झालेल्या मुलासाठी आमची न झालेली मुलगी मागत होतीस. सगळे हसले. दादाने वचन दिलं, "दिसू, दिसू, सरक आते." मग बायका माझ्या मागे लागल्या, नाव घे, नाव घे. कोरीटला माहेरी मी उखाणे पाठ केले होते, ते सगळे विसरले. डोळ्यांत पाणी आलं. तू खालून माझ्या पदरात डोकावून पाहिलंस आणि हात काढून घेतलेस. "जाऊ द्या तिले. लाज लागी ऱ्हायनी तिले."

असं तू मला घरात घेतलंस. पुढे आमची मुलगीही आली नाही आणि तुझा मुलगाही. "व्यवहार दोन्हीकडथून मोडना, वहिनी, कोनी कोनावर रुसानं नई," असं तू एकदा म्हणाली होतीस, आणि आपण दोघी शेंगा फोडता फोडता इतक्या हसलो की माय बाहेर येऊन बघून गेली.

तुझं ताऱ्यांचं काम मला किती कळलं ते मला ठाऊक नाही. पण जे कळलं ते तुझ्याच तोंडचं आहे. दर रविवारी तुझा फोन यायचा. मी तो माठाच्या फळीवर टेकवून ठेवायची आणि भाकरी थापायची. तू पुण्याच्या खोलीत, मागे पुस्तकांची भिंत, समोर मी, पिठाने भरलेली. तू विचारायचीस, "आज काय सांगू?" मी म्हणायची, "मागल्यावेळे जठे सोडं व्हतं तठून."

ताऱ्यांच्या एवढ्या मोठ्या मेळ्याला दीर्घिका म्हणतात, हे तू सांगितलंस तेव्हा तो शब्द मला एखाद्या मुलीच्या नावासारखा वाटला. लांब केसांच्या, सावकाश चालणाऱ्या मुलीच्या. मी ते तुला सांगितलं. तू हसली नाहीस. म्हणालीस, सावकाशच फिरतात त्या, वहिनी, इतक्या सावकाश की माणसाची सगळी जात जन्माला येऊन संपली तरी एक फेरी पुरी होत नाही. मग मी किती दिवस घरातली कामं करताना ती फेरी मनात धरून असायची. गाय पिळताना, कापूस वेचताना, असं वाटायचं की वर काहीतरी फार मोठं, फार हळू वळतंय, आणि आपल्याला धक्का लागू नये म्हणून जपून वळतंय.

तारा जन्मायला थंडावा लागतो, हे तू सांगितलंस. मला पटेना. जाळ आहे ना तो, मग थंडी कशाला? तू म्हणालीस, वायूचा ढग आधी गार व्हावा लागतो, गार झाला की तो आवळतो, आवळत आवळत मधोमध तापतो, आणि पेटतो. ढग गरम राहिला तर तो पसरूनच राहतो, त्यातून काही होत नाही. तुझं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नामागे गेलं. काही दीर्घिकांमध्ये तारे भराभर जन्मतात आणि काहींमध्ये जन्मणं थांबतं. वायू असतो, पण निवत नाही. किंवा कोणीतरी तो उधळून टाकलेला असतो. का थांबतं? केव्हा थांबतं? थांबलेलं पुन्हा सुरू होतं का?

आणि ते गॅमा किरण. ते डोळ्याला दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. मग त्यांचा उपयोग काय, असं मी विचारलं. तेव्हा उसाचे दिवस होते आणि खिडकीतून नदीकडच्या गुऱ्हाळाचा धूर दिसत होता. मी फोन खिडकीकडे वळवून तुला तो दाखवत होते. तू म्हणालीस, "देख, तुले चूल दिखी ऱ्हायनी का? नई. गूळ? तो बी नई. पन तुले माहीत शे तठे काय चालू शे." जिथे खूप तारे जन्मतात तिथे मोठे तारे लवकर मरतातही. ते फुटतात, त्यांच्या धक्क्याने बारीक कण उधळतात, ते कण वायूवर आदळतात आणि हे किरण निघतात. तोच तुझा धूर. तो मोजून तू सांगायचीस, तिथे किती चुली पेटल्या आहेत.

तू पाठवलेला दीर्घिकेचा मोठा रंगीत फोटो आठवतो? दादाने नंदुरबारहून त्याला काच बसवून आणली. तू पुढच्या सुट्टीत आलीस तोवर मायने तो देवघरात लावला होता, भगवंताचं चक्र म्हणून. त्यावर हळद-कुंकू, खाली उदबत्ती. तू देवघराच्या उंबऱ्यात उभी राहिलीस, तोंडावर हात दाबून, आणि खांदे हलत होते. माय म्हणाली, "हासस काय, नमस्कार कर." तू केलास. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणालीस, "वहिनी, ह्या रंग आम्हीच भरेल शेत. डोयाले असं काहीच दिखत नई." मी म्हटलं, मग रांगोळी झाली की ती. रांगोळीला नमस्कार केला तर बिघडतं काय? फोटो अजून तिथेच आहे. कुंकवाने त्याचा मधला उजेड झाकून गेलाय.

मध्ये काही दिवस लिहिणं झालं नाही. घरात कुरडया, पापड, शेवया, त्यात उन्हाने मायचं डोकं दुखत होतं. काल पहाटे स्वप्न पडलं. प्रकाशा गावाच्या पुढे जिथे तापी बांधामुळे पसरली आहे, तिथे तू पाण्यावर बसलेली. होडी नाही, काही नाही. पाणी हलत नव्हतं. तू काहीतरी निवडत होतीस, तांदूळ निवडतात तसं, आणि चिमटीतलं पाण्यात सोडत होतीस. मी काठावरून विचारलं, "काय करी ऱ्हायनी व?" तू म्हणालीस, "थांब, थोडंसंच ऱ्हायनं." आवाज अगदी जवळून आला, कानाशी. जाग आली तेव्हा कोंबडा आरवत होता आणि माझं तोंड खारट झालं होतं. तिथेच तुझी राख सोडली होती दादाने. मी वरच्या पायरीवर उभी होते. पाण्यावर ती थोडा वेळ तशीच राहिली, पसरत, वळत. मला वाटलं तू बाजूला उभी राहून बघतेस आणि आता काहीतरी समजावून सांगशील.

आपलं भांडण राहिलंच.

मिरचीच्या हंगामात तू आली होतीस, आपण दोघी नंदुरबारला गेलो होतो, तुझ्या डोळ्यांचा चष्मा बदलायला. परतताना रिक्षा मिरचीच्या पथारीपाशी थांबवलीस. सगळं रान लाल. वाळत घातलेल्या मिरच्या पार आभाळाला टेकेपर्यंत, आणि मधून बायका फडकी बांधून फावड्याने उलटवत चाललेल्या. आपल्याला ठसका लागला, डोळे वाहायला लागले, तरी तू हलेनास. तू म्हणालीस, जिथे नवे तारे होत नाहीत ती दीर्घिका अशी दिसते. मोठे निळे तारे लवकर मरून जातात, बारके लाल तारे मागे राहतात, ते फार फार जगतात. "आम्ही तिले मरेल म्हनतस," तू म्हणालीस. मेलेली.

"मरेल काबरं?" मी विचारलं.

"नवा तारा व्हत नई ना तठे."

"पन जुना शेत ना? जळी ऱ्हायनात ना त्या?"

"शेत."

"मंग?"

"वहिनी, तो नुसता शब्द शे व. त्याले काही अर्थ नई."

"शब्द कोनी ठेवा?"

तू चष्मा काढून पुसायला लागलीस. मिरचीने की कशाने, तुझे डोळे लाल झाले होते. मी इतकं बोलले हेच मला नवीन होतं.

पुढे फोनवर तू तीनदा तरी समजावलंस, की विज्ञानातल्या शब्दाला बाईमाणसाचा संबंध लावायचा नसतो, कोणी कोणाला कमी लेखायला तो ठेवलेला नाही. मी म्हणायची, असेल. पण घरातला शब्दही कोणी कमी लेखायला ठेवत नाही, तरी तो लागतो. तू चिडायचीस, "तू ना, वकील व्हयाले पायजे व्हती." या दिवाळीत तू आलीस, एवढीशी झालेली, डोक्याला रुमाल. ओट्यावर पाय पसरून बसलीस आणि आपणहून म्हणालीस, "तुन्हा त्या गोष्टनं उत्तर मी आजून दिन्हं नई." मी म्हटलं, दे सावकाश, घाई काय आहे.

घाई होती. मला ठाऊक होतं, तुलाही.

त्याच दिवाळीत माय तुझ्या पायांना तेल लावताना म्हणाली, "त्या किरनेसनीच खाद्यं तुले. आयुष्यभर त्यासना मांगे फिरनी." तू उठून बसलीस आणि मायला समजावलंस. ते किरण आपल्यापर्यंत पोचतच नाहीत, हवा त्यांना वरच अडवते. आपल्या घरावर मातीचं धाबं आहे तसं सगळ्या पृथ्वीवर हवेचं धाबं आहे, ऊन-पाऊस-आग त्यावर पडतं, खाली आपण निवांत. किरण त्या धाब्यावर आपटला की बारीकसा निळा उजेड होतो, डोळ्याला दिसणार नाही इतका. लडाखकडच्या डोंगरात बसून तुम्ही तो उजेड धरता. माय ऐकत होती. मग तू हसून म्हणालीस, दवाखान्यात मात्र तेच किरण मला लावले, माय, मला वाचवायला. एवढी वर्षं मी त्यांना शोधत होते, आता ते मला शोधत आले.

माय हसली नाही. तुझ्या पायावरचा तिचा हात तेवढा थांबला. पण मला त्या धाब्याचा फार आधार वाटला, बेबी. अजून वाटतो. दुपारी अंगणात उभी राहून वर बघते. काही दिसत नाही, नुसतं पांढरं. तरी वाटतं, आपल्यावर कोणीतरी सारवून ठेवलंय.

एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही. तू विसरली असशील म्हणून नाही, मला बोलताच येत नाही म्हणून. माझी कूस उजवणार नाही हे सांगून डॉक्टरांनी कागद दिले त्या वर्षी तुझी आत्या घरात येऊन बसली होती. दादाला दुसरी बघायची, एवढंच तिचं काम. रोज तेच. माय हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. मी चुलीपाशी, पाठ करून. तू धुळ्याला कॉलेजात होतीस. कोणी कळवलं कोण जाणे, एसटीने आलीस, चप्पल न काढता घरात शिरलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "दुसरी आनी तं मी ह्या घरमा पाय ठेवाव नई."

माय ओरडली, "जीभ कापी टाकसू तुन्ही!"

तू जीभ बाहेर काढलीस. "काप."

आत्यालाच हसू फुटलं. दादा उठून बाहेर गेला आणि गोठ्यापाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यांवरून मला कळलं की तो रडतोय. पुन्हा या घरात तो विषय निघाला नाही. तू त्या रात्री माझ्याजवळ झोपलीस, पाय माझ्या पोटावर टाकून, लहानपणी टाकायचीस तसे. मी तुला धन्यवाद म्हटलं नाही. आपल्यात तो शब्द कोणी म्हणतं का? पण आता वाटतं, काहीतरी म्हणायला हवं होतं. निदान पाणी तरी नीट विचारायला हवं होतं, तू केव्हाची एसटीत होतीस.

हे सगळं आठवतंय कारण आता बोलायची पाळी माझी आहे आणि माझ्या तोंडून शब्द निघत नाही. रोज ठरवते, आज मायला तुझ्या घागरीचं म्हणेन. रोज माय समोर बसते, हातात सुपारी, डोळे कुठेतरी लांब, आणि मी पीठ मळते. तुझ्या दादाला म्हटलं. तो म्हणाला, "माय म्हनी तसं." तो तरी काय करणार? बहिणीला खांदा देऊन आलाय, त्याच्यात आता कोणाशी वाद घालायचा जीव उरलेला नाही.

कुंभाराची गाडी आज परत गल्लीतून गेली. थोड्याच घागरी राहिल्या होत्या. मी धावत गेले. कुंभारणीने विचारलं, "कोनासाठे व?" मी म्हटलं, "नणंद शे मन्ही." शे म्हटलं. व्हती म्हणायला जीभ वळेना. तिने दोन-तीन वाजवून एक काढून दिली. "हाई ले. हाई पानी चांगलं गार करी." मी ती पदराखाली घेऊन मागच्या दाराने आले आणि सरपणामागे ठेवली.

आज आखाजी झाली. आता तिसरा प्रहर आहे. हे तुला आजच सांगायचंय.

सकाळी उठून मी अंगण सारवलं. खापरावर पोळ्या केल्या, रस काढला, कुरडया तळल्या. माय न्हाऊन आली तेव्हा पाटाजवळ आबांची घागर भरून ठेवली होती आणि तिच्या शेजारी तुझी. दोन्हींना सूत गुंडाळलेलं, कुंकवाची बोटं लावलेली, दोन्हींच्या तोंडावर आंबा आणि डांगर. माय दारात थांबली. ओला पदर तसाच धरून.

"हाई दुसरी कोनी?"

तुझा दादा चुलीतून निखारे काढत होता. त्याचा हात थांबला.

"बेबीनी," मी म्हटलं.

"मी काय सांगं व्हतं तुले?"

"भरतस नई म्हने."

"मंग?"

मी जमिनीकडे बघत होते. सारवलेल्या जागेवर माझ्याच बोटांच्या रेघा होत्या. मला वाटलं, आता नाही बोलले तर पुन्हा कधीच नाही. आणि मग माझ्या तोंडून आलं, मी ठरवलेलं नव्हतं ते आलं. "माय, माले बी पोर नई. मी गयी तं मन्ही बी कोनी भराव नई. मन्ही नका भरा. पन तिन्ही भरू द्या. ती काय कोनीच नव्हती का?"

बाहेर शेजारच्या कडुलिंबावर झोका बांधलाय, माहेराला आलेल्या पोरी त्यावर गाणी म्हणत होत्या. ती गाणी घरात येत होती आणि आमच्यातून निघून जात होती. मला वाटलं माय ती घागर उचलून बाहेर ठेवेल. मी मनाने तयार झाले.

माय खाली बसली. बसली म्हणजे भिंतीला धरून सावकाश खाली आली. म्हणाली, "रीतनं काय व? रीत मीच मोडती. पन घागर भरी तं ती गयी अशी व्हस." आणि तिने तोंडाला पदर लावला. "आजून माले वाटस रविवारले फोन येई."

दादा निखारे तसेच सोडून आला आणि मायजवळ बसला. मी हलले नाही. मला तिच्याजवळ जावंसं वाटत होतं. इतके दिवस मी मायवर मनातल्या मनात रागावले होते, आणि ती बिचारी नुसतं दार धरून उभी होती, तू बाहेर जाऊ नयेस म्हणून.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि तुझ्या घागरीकडे नीट पाहिलं. मग तिच्या कपाळावर आठी आली.

"डांगर काबरं ठेवं तिन्हावर? डांगरना वास बी सहन व्हये नई तिले. ताटवरथून उठी जाये." तिने स्वतः हात लांब करून डांगर उचललं आणि बाजूला सारलं. "आंबाच ठेव. दोन ठेव. अनि पोळीवर तूप कमी वाढ, ती जास्ती तूप खाये नई."

मी तुझ्यासाठी पान वाढलं. माय सांगत गेली, मी वाढत गेले. कुरडई जास्त. रसाची वाटी पोळीपासून लांब. मिरचीचा ठेचा चिमूटभर. मला सगळं ठाऊक होतं, बेबी, पण मी तिला सांगू दिलं.

दादाने निखाऱ्यावर तूप सोडलं. आबांचा घास टाकला, आबांचं नाव घेतलं. मग तुझा घास हातात धरला. नाव घ्यायला तोंड उघडलं आणि त्याच्यातून आवाजच निघाला नाही. पुन्हा प्रयत्न केला. घास हातात तसाच. निखाऱ्यावर राख धरू लागली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मीही नाव घेऊ शकत नव्हते.

तेव्हा माय उठली. चुलीकडे नाही गेली, दारात गेली. उंबऱ्यात उभी राहून, शाळेतून तू वाटेत खेळत बसायचीस तेव्हा हाक मारायची तशी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, तिने हाक मारली.

"बेबी... व बेबी! जेवाले ये व! पोळी गार व्हई ऱ्हायनी!"

झोक्यावरच्या पोरी गप्प झाल्या. दादाने घास निखाऱ्यावर ठेवला. तो चुरचुरला आणि तुपाचा धूर वर गेला.

माय आत आली, पानावर बसली. आम्हीही बसलो. पण कोणी पहिला घास घेतला नाही. तसेच थांबलो थोडा वेळ, घरातलं माणूस हातपाय धुऊन येईपर्यंत थांबतात तसे.